ताई अलास्काला निघाली आहे

माझी थोरली बहीण आणि भाऊजी येत्या जुलैत मुलीकडे सिअ‍ॅटलला जाणार आहेत आणि तिथून अलास्काच्या क्रूझवर. तिकिटं भाचीने काढली. ताईने फोन केला तो साडी चालेल का, एवढंच विचारायला. साडी चालते. पण मी तासभर बोलत राहिलो, कारण जाहिराती पाहून माणसं हॉटेलात राहायला जाण्याची तयारी करतात आणि जायचं असतं जहाजावर. माझी उमेदीची सगळी वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. वरच्या मजल्यांवर कितीही झुंबरं लावली तरी जहाजाला कायदा समुद्राचाच लागू होतो, हे मला ठाऊक आहे.

पहिली गोष्ट व्हिसाची. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे, अलास्का अमेरिकेतच आहे, मग आणखी काय हवं, असं भाऊजींचं म्हणणं. पण अमेरिकेत 1886 सालचा एक कायदा अजून लागू आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेतले, तर मध्ये एखादं परदेशी बंदर गाठल्याशिवाय त्यांना पुन्हा अमेरिकेत उतरवता येत नाही. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक बहामा, पनामा, बर्म्युडा अशा ठिकाणी नोंदलेली. म्हणून सिअ‍ॅटलहून सुटणारं जहाज कॅनडाच्या एखाद्या बंदराला, बहुतेक वेळा व्हिक्टोरियाला, काही तास लागतं. त्या काही तासांसाठी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा हवा, तुम्ही खाली उतरणार नसलात तरीही. तो हातात नसेल तर जहाजावर चढूच देत नाहीत. मी भाऊजींना म्हटलं, बाकी खरेदी नंतर करा, आधी हा अर्ज भरा.

मग केबिन. भाचीने वरच्या मजल्यावरची, अगदी पुढच्या टोकाची बाल्कनी घ्यायचं ठरवलं होतं. मी ती बदलायला लावली. एसटीत मागच्या सीटवर जसे धक्के जास्त बसतात, तसंच जहाजाच्या टोकांना आणि वरच्या मजल्यांवर हेलकावे जास्त. मध्यभागी, खालच्या मजल्यावरची खिडकीची केबिन स्वस्तही पडते आणि पोटालाही बरी. जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंख असतात. ते जहाजाचं डावी-उजवीकडे कलणं पुष्कळ कमी करतात, पण नाक वर-खाली होणं त्यांना थांबवता येत नाही. अलास्काचा बराचसा मार्ग बेटांच्या आडोशाने जातो. मात्र सिअ‍ॅटलहून निघालेली बहुतेक जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, उघड्या पॅसिफिकमधून जातात, आणि ते अंतर सुरुवातीलाच येतं. बोट लागण्यावरची गोळी मळमळ सुरू होण्याआधी घेतली तरच उपयोगी पडते. ती कोणती, हे भाऊजींनी आपल्या डॉक्टरांनाच विचारावं, कारण रक्तदाबाच्या गोळ्या आधीच चालू आहेत. अस्वस्थ वाटलं तर केबिनमध्ये पडून राहू नये, डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहावं.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच हमाल घेतात आणि त्या केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते. म्हणून औषधं, पासपोर्ट आणि एक स्वेटर हातातल्या पिशवीत. इस्त्री, किटली बॅगेत सापडली तर काढून घेतात. ताई रोज देवापुढे निरांजन लावते. तिला सांगितलं, बाळकृष्ण ने, पण निरांजन आणि उदबत्ती घरीच ठेव. भर समुद्रात आग लागली तर अग्निशमन दल बाहेरून येत नाही, जहाजावरची माणसंच आग विझवतात. मी ते काम केलं आहे. या नियमाला केवळ कटकट समजू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तेवढ्याच कळकळीने दुसरं सांगतो, ते कवायतीचं. 13 जानेवारी 2012 च्या रात्री कोस्टा कॉन्कॉर्डिया इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळली आणि 32 माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची सुरक्षा कवायत झालीच नव्हती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती चोवीस तासांत घेतली तरी चालत असे. 2015 पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. आता पुष्कळ ठिकाणी फोनवर चित्रफीत दाखवतात आणि मग आपल्या ठरलेल्या जागी हजेरी लावायची असते. ताई-भाऊजींनी ती जागा जिन्याने चालत जाऊन शोधावी, कारण आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा कानात बसवून घ्यावा.

जहाज कोणासाठी थांबत नाही. अलास्काची राजधानी जूनो हिला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नाही. तिथून बाहेर पडायचं तर बोट किंवा विमान. त्यामुळे चुकलेलं जहाज टॅक्सीने पुढच्या बंदरात गाठू, हा हिशेब तिथे चालत नाही. अलास्काचं घड्याळ सिअ‍ॅटलच्या एक तास मागे असतं. हातातलं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावावं आणि तेच पाहावं. समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर ठेवावा, नाहीतर जहाजावरच्या नेटवर्कचं बिल घरी येतं.

वाटेतल्या केचिकन बंदरात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या रत्नागिरीइतकाच म्हणा, पण तो चार महिन्यांत न संपता वर्षभर पडत राहतो. वाऱ्यात छत्री टिकणार नाही. टोपीचं जाकीट, आत लोकरीचा थर आणि साडीखाली पकड असलेले बूट. ग्लेशियर बे मार्गात असेल तर त्या दिवशी पहाटेच डेकवर जावं. तिथे दिवसाला फक्त दोन क्रूझ जहाजं सोडतात. 1794 मध्ये व्हँकुव्हर या दर्यावर्दीची माणसं तिथून गेली, तेव्हा ही खाडी जवळजवळ सगळी बर्फाखाली होती. आज तिच्या टोकापर्यंत जायला जहाजाला शंभरेक किलोमीटर आत जावं लागतं. हिमनदीसमोर जहाज सावकाश फिरवतात, त्यामुळे कुठल्याही बाजूला उभं राहिलं तरी दिसतं.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट धक्क्यावर मिळतात. सकाळी नेसायची साडी, भाऊजींच्या गोळ्या आणि पासपोर्ट त्याआधी बाजूला काढायला भाचीने त्यांना आठवण करायची, असं ठरलं आहे.