काचेतल्या बाळाच्या रक्तात जंतू येतो कुठून?

दवनीवाड्यातल्या एखाद्या घरी सातव्या-आठव्या महिन्यातच बाळंतपण झालं, की बाळाला गोंदियाला बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात न्यावं लागतं. तिथं नवजात शिशू कक्षात ते वॉर्मरवर असतं. घरचे म्हणतात, बाळ काचेत आहे. मग चार-पाच दिवसांनी कधी डॉक्टर सांगतात, 'रक्तात इन्फेक्शन झालंय.' आजीला कळत नाही. काचेतल्या बाळाला बाहेरचं वारंही लागलं नाही, मग जंतू आला कुठून?

तिचा प्रश्न रास्त आहे.

रोगाशी लढणारी प्रतिपिंडं आईकडून बाळाला मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत मिळतात. लवकर जन्मलेलं बाळ ही शिदोरी अर्धीच घेऊन येतं. त्याची कातडीही पातळ, चिकटपट्टी काढताना सोलवटणारी. त्यात सलाइनची सुई, श्वासाची नळी, पोटात दुधाची नळी. बाळ जगतं ते याच नळ्यांवर, आणि जंतूही आत शिरतो तो याच वाटांनी. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत नवजात बाळांच्या अशाच जंतुदोषाचा अभ्यास झाला, तो 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्वाधिक सापडले असिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला हे जंतू. हे ओलाव्यात, नळांवर, उपकरणांवर तग धरतात, आणि नेहमीच्या प्रतिजैविकांना अनेकदा दाद देत नाहीत.

पण जंतू स्वतः चालत बाळापर्यंत जात नाही. त्याला नेतो हात. शेजारच्या बाळाचा लंगोट बदललेला, मोबाइल धरलेला, दाराची कडी लावलेला हात. म्हणून दाराशीच अंगठ्या, बांगड्या, घड्याळ उतरवायला लावतात आणि कोपरापर्यंत साबणानं धुवायला सांगतात. आत प्रत्येक बाळाला हात लावण्याआधी आणि नंतर पुन्हा हात स्वच्छ करायचे. माझ्या मते त्या खोलीतलं सगळ्यात मोलाचं यंत्र म्हणजे हात धुण्याचा नळ. सुई-नळी गरज संपताच काढणं हे त्याच्या खालोखाल.

शंका आली की रक्ताचं कल्चर करतात. एक किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम 80-90 मिलिलीटर, त्यातलं एखादं मिलिलीटर बाटलीत घालून जंतू वाढतो का ते पाहतात. अंदाज यायला साधारण दोन दिवस लागतात. तोवर थांबणं धोक्याचं, म्हणून औषध आधीच सुरू होतं. अहवाल आल्यावर औषध बदललं किंवा बंद केलं, तर आधीचं चुकलं असं समजू नये.

औषधाइतकंच आईचं दूध कामाचं. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती अशाच नाजूक बाळांसाठी. आईच्या उघड्या छातीशी बाळ धरण्याची कांगारू पद्धतही संसर्ग कमी करते.

घरी आल्यावरही पहारा सुटत नाही. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना बाळाचा जंतुदोष ओळखायला आणि उपचार करायला शिकवलं. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले, नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. त्या बायकांनी ओळखलं ते तुम्हालाही ओळखता येईल: बाळ दूध ओढेनासं झालं, रडणं क्षीण झालं, हातपाय लुळे पडले, अंग गार पडलं किंवा तापलं, श्वास घेताना छाती आत खेचली जाऊ लागली. यातलं एकही दिसलं तर घुटी देत बसू नका. आशाताईंना हाक मारा आणि लगेच 102 किंवा 108 वर गाडी बोलवा, रात्र असली तरी.