गुरूचे चंद्र आणि प्रकाशाचा वेग

दर पौर्णिमेला चंद्रग्रहण का होत नाही? चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांचा कोन करते. त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र पृथ्वीच्या छायेच्या वरून किंवा खालून निघून जातो. गुरूकडे मात्र ग्रहणांची रेलचेल असते. या वायुमय महाग्रहाची छाया अवाढव्य असून त्याचे मोठे उपग्रह जवळजवळ त्याच्या कक्षेच्याच पातळीत फिरतात. गॅलिलिओने १६१० साली शोधलेल्या चार उपग्रहांपैकी आयो हा गुरूच्या सर्वांत जवळचा. तो सुमारे साडेबेचाळीस तासांत एक प्रदक्षिणा पुरी करतो आणि प्रत्येक फेरीत गुरूच्या छायेत शिरून दिसेनासा होतो.

इतकी नियमित ग्रहणे म्हणजे आकाशातले घड्याळच! त्यावरून ठिकठिकाणचे रेखांश काढता यावेत म्हणून कॅसिनी या ज्योतिर्विदाने ग्रहणांची कोष्टके तयार केली. पण हे घड्याळ कधी पुढे, तर कधी मागे पडे.

पॅरिसच्या वेधशाळेत काम करणाऱ्या ओले रोमर या तरुण डॅनिश शास्त्रज्ञाला त्यात एक मेळ दिसला. पृथ्वी गुरूपासून दूर जात असली की ग्रहणांना उशीर होत जाई; जवळ येत असली की ती लवकर होत. पण पृथ्वी कोठे आहे याच्याशी आयोला काय कर्तव्य? म्हणजे उशीर आयोला होत नव्हता, त्याच्या प्रकाशाला वाटेत होत होता! एका फेरीमागे हा फरक फार तर पाव मिनिटाचा. पण महिनोन्महिने साचून तो मोठा होई. ९ नोव्हेंबर १६७६ रोजी आयो ग्रहणातून बाहेर आला तो हिशेबापेक्षा १० मिनिटे उशिरा.

प्रकाश क्षणार्धात सर्वत्र पोहोचतो, असे तेव्हा अनेक विद्वान मानत. खुद्द कॅसिनीलाही रोमरचे म्हणणे पटले नाही. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटे लागतात, असे रोमरचे अनुमान होते. प्रत्यक्षात ती सुमारे साडेसोळा आहेत. आकडा चुकला, पण विचार अचूक ठरला. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर आहे, हे आज आपण जाणतो.

छोट्या दुर्बिणीतूनही आयो छायेत शिरताना दिसू शकतो. तुम्ही तो पाहाल, तेव्हा एवढे ध्यानात ठेवा: ती घटना अर्ध्या तासाहून आधीच घडून गेलेली असते. आणि निरीक्षण हिशेबाशी जुळले नाही, तर ते घाईने खोडून टाकू नका!