फळांच्या साली, सुताराचा भुसा

फळांचा गाडा चालविणाऱ्या घरात फळ विकत आणावे लागत नाही. डागी केळी, दबलेली पपई, सुरकुतलेली मोसंबी संध्याकाळी घरीच येते. खाण्याजोगे खाल्ले जाते आणि सालींची बादली सकाळी घंटागाडीत रिकामी होते. रमजानमध्ये इफ्तारच्या कलिंगडामुळे एका बादलीच्या दोन होतात. त्याच घरात गच्चीवरील मिरची, पुदिना आणि गुलाबाच्या कुंड्यांसाठी नर्सरीतून खताची पिशवी मात्र पैसे मोजून येते. हा व्यवहार धंदा करणाऱ्याला शोभत नाही.

आम्हीही तो वर्षानुवर्षे केला. मग एकदा जुन्या ड्रममध्ये मोसंबीच्या साली भरून झाकण घट्ट लावले. दहाव्या दिवशी शेजाऱ्यांनी दार वाजविले. आत काळे पाणी, वर अळ्या आणि वास थेट जिन्यापर्यंत. चूक आमचीच होती. फळांच्या कचऱ्यात पाणी फार; कलिंगडात तर शंभरात नव्वद भागांहून अधिक. हवा मिळाली नाही की खत होण्याऐवजी सगळे सडते.

उपाय सुताराच्या दुकानात मिळाला. भुसा ओल शोषतो. पण तोही जपून वापरावा, कारण तो फार सावकाश कुजतो आणि जास्त पडला तर मातीतले नत्र ओढून घेतो; मग झाडे पिवळी पडतात. आम्ही ड्रमला तळाशी व बाजूंना भोके पाडली, तळाशी नारळाच्या शेंड्या पसरल्या. साली बारीक चिरून टाकतो, त्यावर सुका पाला आणि मूठभर भुसा. फळांच्या सालीत नत्र कमी असते, म्हणून चहाचा चोथा किंवा बकरीच्या लेंड्या घालतो. ज्यांच्या दारात बकरी आहे त्यांना हे सांगायला नको. आठवड्यातून एकदा खालवर करावे. मूठ दाबली तर हात ओलसर व्हावा, पाणी गळू नये. साधारण तीन महिन्यांत मातीचा वास येतो. न कुजलेले तुकडे चाळून पुन्हा ड्रममध्ये टाकावेत.

भुसा साध्या लाकडाचाच घ्यावा. प्लायवूडचा घेऊ नये, त्यात डिंक व रसायने असतात.

केळीच्या सालीत पालाश भरपूर असते, फुलझाडांना ते मानवते. पण कच्ची साल कुंडीत तशीच ठेवली की चिलटे जमतात. डाळिंबाची साल मात्र आम्ही ड्रममध्ये टाकत नाही. ती सुकवून ठेवावी. तुरटी दिलेल्या सुती कापडावर तिचा पिवळा रंग बसतो, हे आपल्या रंगारी बांधवांना ठाऊक आहेच.

तयार खत एक भाग आणि माती तीन भाग असे मिसळून आम्ही कुंड्या भरल्या. यंदा नर्सरीची पिशवी आलेली नाही. सुतार भुशाचे पैसे अजून घेत नाही. तो मागू लागला की हिशेब नव्याने मांडावा लागेल.