सहा महिन्यांचा दिवस

सूर्य रोज सकाळी उगवतो आणि रोज सायंकाळी मावळतो, असे आपण सहज म्हणतो. मुंबईत जून महिन्यात दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, तर डिसेंबरमध्ये तो सुमारे अकरा तासांचा असतो. आपल्याला एवढाच फरक ठाऊक असतो. पण उत्तर ध्रुवावर मार्च महिन्यात उगवलेला सूर्य सप्टेंबरमध्ये मावळतो. मग पुढच्या मार्चपर्यंत तो दिसतच नाही. वर्षात एकच सूर्योदय आणि एकच सूर्यास्त! असे का होते?

चला, एक प्रयोग करू. एका मोसंब्यात विणकामाची सुई आरपार घाला. ही सुई म्हणजे पृथ्वीचा आस आणि सुईचे वरचे टोक म्हणजे उत्तर ध्रुव. अंधाऱ्या खोलीत मध्यभागी एक दिवा ठेवा. हा आपला सूर्य. मोसंबे दिव्याच्याच उंचीवर धरा आणि सुईचे वरचे टोक दिव्याकडे थोडे झुकवा. पृथ्वीचा आसही असाच सुमारे २३.५ अंशांनी कललेला आहे. आता सुई बोटांत धरून मोसंबे गोल फिरवा. वरच्या टोकाजवळचा भाग कितीही फिरवला तरी उजेडातच राहतो. ही झाली जून महिन्यातील स्थिती.

आता सुईचा कल व दिशा न बदलता मोसंबे दिव्याच्या दुसऱ्या बाजूला न्या. वरचे टोक आता दिव्यापासून दूर झुकलेले दिसेल आणि ते अंधारात जाईल. ही डिसेंबरमधील स्थिती. या वेळी खालच्या टोकावर, म्हणजे दक्षिण ध्रुवावर, उजेड असतो. पृथ्वी वर्षभर सूर्याभोवती फिरते, पण तिचा आस नेहमी ध्रुव ताऱ्याच्याच दिशेने रोखलेला असतो. उर्दूत आपण त्याला कुत्ब तारा म्हणतो.

काहींना वाटते, पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा येतो. हे बरोबर नाही. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. तेव्हा अंतर सुमारे १४.७ कोटी किलोमीटर असते. जुलैमध्ये ते १५.२ कोटी होते. तरीही जानेवारीत उत्तर ध्रुवावर रात्रच असते. ऋतू अंतरामुळे होत नाहीत, आसाच्या कलामुळे होतात.

मग सहा महिने ऊन असूनही तेथील बर्फ का वितळून जात नाही? ध्रुवावर सूर्य क्षितिजापासून २३.५ अंशांहून वर कधीच चढत नाही. त्याचे किरण तिरपे पडतात व मोठ्या जागेवर पसरतात, म्हणून उष्णता कमी मिळते. त्यातही पांढरे बर्फ बराचसा प्रकाश परत फेकते. हिवाळ्यात तर सूर्य नसतोच. अंटार्क्टिकावरील व्होस्टोक या ठाण्यावर २१ जुलै १९८३ रोजी तापमान उणे ८९.२ अंश सेल्सिअस नोंदले गेले.

ध्रुवापासून दूर जावे तसा हा लांब दिवस आखूड होत जातो. नॉर्वे देशातील ट्रॉम्सो शहरात सुमारे २० मेपासून २२ जुलैपर्यंत सूर्य मावळत नाही. २०१६ साली रमजान महिना जूनमध्ये आला होता. सूर्यच मावळत नसेल, तर रोजा कधी सोडायचा? अशा वेळी तेथील अनेक मुसलमान मक्का शहराच्या वेळेप्रमाणे सहरी व इफ्तार करतात. शाळा, दुकाने, झोप हे सारे तेथे घड्याळावर चालते. रात्री झोपताना लोक खिडक्यांना जाड पडदे लावतात.

पृथ्वीचा आस सरळ उभा असता, तर सगळीकडे बाराही महिने दिवस व रात्र जवळजवळ सारखेच राहिले असते. उन्हाळा आणि हिवाळा यांतील फरक उरला नसता. आसाच्या एका कलाने पृथ्वीवर केवढी विविधता आणली आहे!

स्वाध्याय
१. जानेवारीत पृथ्वी सूर्याजवळ असूनही उत्तर ध्रुवावर रात्र का असते?
२. ध्रुवावर उन्हाळ्यातही थंडी का असते? दोन कारणे लिहा.
३. मोसंब्याचा प्रयोग घरी करा. सुई सरळ उभी धरल्यास काय दिसते, ते चार वाक्यांत लिहा.