जुन्या नकाशांत शिरूर अनंतपाळ शोधताना

शिरूर अनंतपाळचा पूर्वेतिहास धुंडाळू पाहणाऱ्याने प्रथम हे ध्यानी धरावे की, हा तालुका १९९९ सालचा आणि त्याचा लातूर जिल्हा १९८२ सालचा असल्यामुळे, जुन्या नकाशासंग्रहांत या नावांखाली शोध करणे व्यर्थ होय. ज्या निलंगा तालुक्यात हे गाव मोडत असे, तो १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता व पुढे उस्मानाबादेस जोडला गेला. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या क्रमवारीत हा मुलूख ५६ बी या पत्रकात येतो. त्याची जुनी आवृत्ती आजच्या नकाशाशेजारी मांडली, म्हणजे घरणी प्रकल्पाच्या जलाशयाखाली गेलेले नदीचे मूळ पात्र पुन्हा दृष्टीस पडते. शिवा, ओढे, पाणंदी यांचा बारकावा मात्र गावनकाशा, सेतवार (मोजणीची मूळ जमीन-नोंदवही) आणि १९५४-५५ चे खासरा पत्रक (जमीनधारणेची नोंद) यांतच सापडतो, आणि आमच्या मते खरे संशोधन तेथूनच सुरू होते. दस्तऐवजावर फसली (महसुली) सन असल्यास त्यात ५९० मिळवावे, म्हणजे इसवी सन स्थूलमानाने हाती येतो. गावनकाशाची नक्कल भूमी अभिलेख कार्यालयात रीतसर अर्ज करून मिळते. जिज्ञासूंनी आपल्या गावापुरती तरी ती अवश्य मिळवावी.