शिक्षकाचा पेशा आणि आमचे पदवीधर

परीक्षांचे निकाल लागले की आमच्या कचेरीत एक प्रश्न हटकून येतो. परवा गुलमंडीवरील एक व्यापारी स्नेही आपल्या कन्येस घेऊन आले. कन्या गणित घेऊन बी. एस्सी. झालेली. गृहस्थ म्हणाले, "वकीलसाहेब, हिला बी. एड. करावी म्हणतो. दुपारी घरी येईल, सुट्ट्या भरपूर, स्थळेही बरी येतील." कन्येने एवढेच विचारले, "पण मला शिकविता येईल की नाही, हे कसे कळावे?" पित्याच्या हिशेबात हा प्रश्नच नव्हता, आमच्या मते विचारण्याजोगा प्रश्न तोच एक होय.

या विषयात त्यागाचे दाखले देण्याची आपल्याकडे रीत आहे. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले, तेव्हा कायद्याची पदवी पदरी असता टिळक तेथे शिकवू लागले. लवकरच त्यांस मिळालेल्या आगरकरांनी तर आपल्या गरीब आईस कळविले की, मोठ्या पगाराची आशा धरू नये. दाखले खरे, परंतु ते अर्धेच सांगितले जातात. टिळक १८९० साली संस्थेतून बाहेर पडले. आगरकर १८९५ साली मृत्यूने गाठीपर्यंत तेथेच राहिले. आमच्याच शहरातील गोविंदभाई श्रॉफ कलकत्त्याहून गणिताची एम. एस्सी. व कायद्याची पदवी घेऊन परतले, निजामी राज्यातील सरकारी शाळेत शिक्षक झाले, आणि लोकचळवळीची हाक येताच ती नोकरी सोडून निघाले. पुढे सरस्वती भुवन संस्थेची धुराही त्यांनीच वाहिली. यांपैकी कोणीही, दुसरे काही जमले नाही म्हणून वर्गात शिरला नव्हता.

आता रोकडा हिशेब. व्यापाऱ्यांस तो टाळून सांगणे म्हणजे फसवणूक होय. पदवीनंतर बी. एड.ची दोन वर्षे. प्राथमिक वर्गांस शिकवावयाचे तर शिक्षक पात्रता परीक्षा. मग अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. त्यानंतर पवित्र पोर्टलवरील जागांची वाट पाहणे, जी वर्षानुवर्षे लांबते. जागा मिळालीच, तर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधन, तेही २०२३ च्या वाढीनंतर प्राथमिकास दरमहा १६,०००, माध्यमिकास १८,००० व उच्च माध्यमिकास २०,००० रुपये. त्यापुढील वेतन चांगले आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण तेथवर पोहोचेपर्यंत घर कोणी चालवावे, याचा विचार आधी झाला पाहिजे.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलतो. कोठे कोठे जागेसाठी 'देणगी' मागतात, आणि जो बाप उधारीचा एक रुपया चिठ्ठीवाचून देत नाही तो ती निमूटपणे मोजतो! या पैशाची पावती मिळत नाही. जागा न मिळाल्यास न्यायालयात जावे, तर १८७२ च्या करार कायद्याचे २३ वे कलम आड येते. बेकायदा हेतूचा करार मुळातच रद्द, आणि त्यात सामील झालेल्यास न्यायालय सहसा हात देत नाही. शिवाय पैसे मोजून आलेल्या शिक्षकाने मुलांस प्रामाणिकपणा कोणत्या तोंडाने शिकवावा?

कन्येच्या पित्यास आमचे म्हणणे रुचले नाही, हे त्यांच्या मुद्रेवरून दिसले. 'सवडीची नोकरी' हे शब्द आम्ही त्यांस परत घ्यावयास लावले. मुलाच्या बाबतीत त्यांनी सवड मोजली नव्हती, दुकानाची आवड मोजली होती. कन्येस आम्ही सुचविले की, अर्ज भरण्याआधी वस्तीतील सहावी-सातवीच्या पाच-सहा मुलांस दोन महिने अपूर्णांक शिकवून पाहावे, फी न घेता. आणि तेच उदाहरण चौथ्यांदा समजावताना आपणांस चीड येते की नवी युक्ती सुचते, तेवढे पाहावे. बराच वेळ गप्प बसून अखेरीस गृहस्थांनी दुकानामागील माल ठेवण्याची खोली रिकामी करून देण्याचे कबूल केले. मुले सोमवारपासून यावयाची आहेत.