आजीची हजेरी

रोज सकाळी सातला आजीच्या मोबाइलवर हजेरी सुरू होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९६६ साली एकत्र बी.ए. झालेल्या अकरा मैत्रिणी. आता सात उरल्यात. ती 'सुप्रभात'ची फुलं मला कटकट वाटायची. ग्रुप म्यूट कसा करायचा, हे आजीला मीच शिकवलं होतं! तिनं केला नाही.

गेल्या महिन्यात दांडिया बाजारातल्या आजींचं फूल नऊ वाजले तरी आलं नाही. फोनही उचलेनात. आजीनं त्यांच्या शेजारणीला पाठवलं. त्या न्हाणीघरात पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलेलं. मुलगा कॅनडात.

आता त्या घरी आल्यात. पडल्यापडल्या टाइप करणं जमत नाही, म्हणून आवाज रेकॉर्ड करून पाठवतात, "प्रेझेंट, सर!"